वाकडं तोंड सरळ झालं त्याची हकिकत

कसबा बावडा, कोल्हापूर
गणपती गेल्याचा दुसरा दिवस

राजमान्य राजश्री डॉक्टर आकारामराव व्याही यांस,

सयाजीचा मनापासून रामराम. तुमची, विहीणबाईंची आणि गोठ्यातल्या मंडळींची तब्येत उत्तम असावी. इकडील सर्व क्षेम आहे, आणि या खेपेस हे वाक्य मी नुसतं सवयीनं लिहीत नाही. आज सकाळी चहा प्यालो तो सगळाच्या सगळा पोटात गेला, शर्टावर एक थेंब नाही. आमच्या संयोगितानं आरशासमोर उभं करून दोन्ही डोळे मिटायला लावले, आणि दोन्ही मिटले. हे तुमच्यामुळं झालं. फोनवरही सांगता आलं असतं, पण आमच्या घरात फोन स्पीकरवर टाकूनच बोलतात, म्हणून केरबाच्या दुधाच्या गाडीतून हे पत्र कोडोलीला धाडतोय.

तुम्ही आजारपणाच्या मध्यात आलात, म्हणून सुरुवातीपासून सांगतो. मे महिन्यात मी अमेरिकेला आपल्या पोरांकडं गेलो (एकटाच, कारण संयोगिताला विमानाची धास्ती). तुमच्या यशराजच्या घरामागं रान आहे आणि त्यात कमरेइतकं गवत. हिरवंगार, लुसलुशीत, आणि खायला एक जनावर नाही. असला चारा वाया जाताना कुणाला बघवेल, सांगा. मी बागेतली कात्री घेतली आणि रोज थोडं थोडं कापून, पेंढ्या बांधून ओळीनं रचून ठेवल्या. म्हैस कुठली आणणार, हा विचार तेव्हा सुचला नाही. आमची क्रांती रोज संध्याकाळी मागं लागायची, बाबा, अंग तपासून घ्या, इथल्या गोचिडीनं लाईम नावाचा आजार होतो. बागेत तशा पाट्या आहेत. शेजारच्या बाईंचे गुडघे त्यापायी दोन वर्षं सुजले होते. रानाला चिकटून घरं झाली, हरणं अंगणात येतात, थंडीही पूर्वीसारखी पडत नाही, त्यामुळं दर उन्हाळ्याला आजारी माणसं वाढतच चाललीत म्हणे. मी हसण्यावारी नेलं. आपली गोचीड एरंडाच्या बीएवढी, तिथली खसखशीएवढी. तिला काय भ्यायचं? आणि लेकीपुढं बाप उघडा होऊन उभा राहतो का कधी?

परत आलो, दुसऱ्याच दिवशी यशराजनं दिलेला खाऊ पोचवायला कोडोलीला आलो, तुम्ही हौसेनं गोठा दाखवलात, ते आठवत असेलच. पुढच्या आठवड्यात कमरेवर लाल गोल उठला. संयोगितानं बघितल्या बघितल्या निकाल दिला, नागीण. गल्लीतल्या शालूबाई नागिणीवर गेरू लावतात, त्यांना बोलावलं. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना टेकलं की माणूस जातो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. शालूबाईंनी गोलावरून बोट फिरवलं आणि मटकन खाली बसल्या. "ही तर कवाच मिळालीया. ह्ये अजून च्या कसं पित्यात?" झालं, जायला हवा होता तो माणूस बघायला सगळी गल्ली लोटली. शालूबाईंनी गेरूचा असा थर दिला की नंतर आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना त्याखालचं काही दिसलंच नाही. त्यांनीही नागिणीच्या गोळ्या दिल्या. पुढं गोल आपोआप मावळला आणि शालूबाईंची खणा-नारळानं ओटी भरली गेली.

मग महिन्याभरानं ताप आला, मान आखडली, आणि एका सकाळी तोंड डावीकडं गेलं. उजवा डोळा मिटेना. अंगावरून वारं गेलं, असं सगळ्यांनी ठरवलं. एकच डोळा मिटत असला की साधी पापणी लवली तरी तो डोळा मारणं होतं, हे मला तेव्हा कळलं. आमच्या भावकीतल्या विजयसिंहांच्या मुलाच्या साखरपुड्यात मुलीच्या मावशी माझ्यासमोरची खुर्ची सोडून मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. आज हसू येतं, पण खरं सांगतो व्याही, तेव्हा फार घाबरलो होतो. डिसेंबरात क्रांतीचं पहिलं बाळंतपण. ते माहेरी व्हायचं ही आपली रीत, पोरीला येणं जमत नाही म्हणून माहेरच तिकडं न्यायचं ठरलेलं. संयोगितानं महिना खर्चून विमानासाठी मन घट्ट केलं होतं, ते माझं तोंड बघून पार ढासळलं. आणि पोर रोज फोनवर एवढंच विचारायची, आई, तू येणार ना?

बघायला येणारा प्रत्येक पाहुणा सफरचंदं आणि स्वतःचं निदान घेऊन आला. तुम्ही पडलात जनावरांचे डॉक्टर, आलात ते काही न विचारता माझा जबडा धरलात, तोंड उजेडाकडं वळवलंत, पापणी खाली ओढलीत, कानामागं चाचपलंत. (मी न सांगता दात दाखवले.) संयोगिता चहा टाकायला आत गेली होती. तुम्ही हळूच विचारलंत, "पावणं, तिकडं गवतात शिरलतासा काय?"

मी मान डोलावली.

"अंगावर गोल काय उठलंतं?"

"उठलंतं. पण गेरू लावला की."

तुम्ही क्षणभर डोळे मिटून घेतलेत. मग त्याच दिवशी मला शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडं नेलंत. त्यांनी हा गोचिडीचा आजार पुस्तकात वाचला होता, पाहिला नव्हता. पण भला माणूस, तुमचं सगळं ऐकून घेतलं, रक्त तपासलं, तीन आठवडे गोळ्या दिल्या. तुम्ही रोज फोन करून, चारा खातोय का नीट, म्हणून विचारत राहिलात. आईबापानं दिलेलं तोंड तुम्ही मला दुसऱ्यांदा दिलंत. आता नातवाचा पापा घ्यायला ते सरळ आहे. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि तुमच्या ऋणात राहायला मला बरं वाटतं.

विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
सयाजी

ता. क. संयोगिता जायला पुन्हा तयार झाली, बॅगही माळ्यावरून खाली आली. मात्र त्याआधी तिनं विचारलं की गोचीड चावली कुठं. अमेरिका म्हटलं असतं तर बॅग परत माळ्यावर गेली असती, आणि क्रांती ऐन बाळंतपणात स्वतःला दोष देत बसली असती. म्हणून मी कोडोली म्हणालो. तुमचा गोठा. तुमची म्हैस. सगळ्या पन्हाळा तालुक्याला गोठा स्वच्छ ठेवायला शिकवलेला माणूस तुम्ही, तुमच्या म्हशीवर आजवर कुणाला गोचीड दिसलेली नाही, हे सगळं मी जाणतो. नातवासाठी एवढा डाग लावून घ्या.

पुन्हा ता. क. उद्या सकाळच्या एसटीनं ती गोचिडीच्या औषधाची बाटली घेऊन तुमची म्हैस स्वतः धुवायला निघाली आहे. गोठ्यात एकही गोचीड मिळाली नाही तर मी मेलो. तेव्हा आज संध्याकाळपर्यंत शेजारच्या गोठ्यातून चार-पाच उसन्या आणून म्हशीवर सोडा. तेवढ्या मोठ्या बघून आणा, ती चष्मा घरी विसरते.