मातीच्या ढिगावरून नेलेली लाइन

साहेब, माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगलंच बोलायची आपल्याकडे पद्धत आहे. तुमच्याविषयी तर तुम्ही जिवंत असतानाही सगळे चांगलंच बोलायचे, त्यामुळे तुमच्या वाट्याचं वाईट बोलणं तसंच शिल्लक राहिलंय. ते आज लिहिते आहे. सकाळी कात्रजच्या पलीकडे एका दगडखाणीवर गेले होते. खडी फोडताना उडणारी धूळ दाबायला उन्हाळाभर पाणी लागतं, त्यासाठी तलावापासून खाणीपर्यंत तात्पुरती पाइपलाइन टाकायची आहे. सगळा रस्ता पायी चालले. गुडघे आता कुरकुरतात, सोबत आलेला मालकाचा माणूस दोनदा म्हणाला, “मॅडम, गाडीतून बघू की.” चालता चालता तुमची आठवण आली, कारण तुम्ही कधीच चालला नाहीत.

विश्रांतवाडीच्या त्या बंगल्यात, वरच्या मजल्यावर तुमचं ऑफिस. मी चोवीस वर्षांची, नवी नोकरी. तुमच्या टेबलाच्या काचेवर नकाशा, हातात लाल पेन्सिल. गिऱ्हाईक समोर बसलं की तुम्ही चष्मा पुसायचात, पट्टी ठेवायचात, एक रेघ ओढायचात आणि म्हणायचात, “झाली लाइन.” गिऱ्हाईक थक्क. पहिले सहा महिने मीही थक्क. मग लक्षात आलं की तुम्हाला ऊन सोसत नाही आणि चिखलात बूट खराब झालेले चालत नाहीत. तुमच्या कीर्तीचा निम्मा भाग त्या बुटांवर उभा होता.

नगर रस्त्याकडच्या खाणीचं काम आलं तेव्हा जागा पाहायला तुम्ही मला पाठवलंत. तिथे पंप चालवायला विदर्भातून आलेले एक गृहस्थ होते, साठीला टेकलेले, सगळे त्यांना काका म्हणायचे. तुमच्या लाल रेघेवर ते मला घेऊन गेले, तर मध्ये मातीचा ढीग. खाणीतून काढलेली माती वर्षानुवर्षं टाकून टाकून दोन मजली टेकाड झालेलं. नकाशा जुना, टेकाड नवं. काका धापा टाकत वर चढले आणि म्हणाले, “मॅडम, लाइन इथून नका नेऊ जी. पाणी चढते, पण हवा मधातच अडकून बसते. मग पंप बिचारा नुसता कण्हत राहते.” मी उतरून वळसा मोजला, वहीत लिहून आणला. वळसा नको असेल तर निदान टेकाडाच्या माथ्यावर हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह तरी बसवू, असंही लिहिलं.

तुम्ही वही न उघडता विचारलंत, “टेकाड नकाशात आहे का?”

“नाही साहेब. जमिनीवर आहे.”

“मग नकाशा काढणाऱ्यांना पत्र लिहा.” सगळं ऑफिस हसलं. व्हॉल्व्हचं ऐकून म्हणालात, “चार महिन्यांच्या लाइनला दागिने कशाला घालताय?” पुन्हा हशा. ही तुमची विद्वत्ता. तुम्ही बोलायचात छान, म्हणून लोकांना वाटायचं तुम्हाला कळतंही.

लाइन टाकली. मालकाने नारळ फोडला, काकांनी पंप सुरू केला आणि आम्ही खाणीच्या टोकाशी तोंड वासून उभ्या असलेल्या पाइपाकडे बघत बसलो. आधी हवा फुसफुसली, मग खोकल्यासारखं थोडं पाणी आलं, मग करंगळीएवढी धार. काका टेकाडाकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. मालक ओरडला, “बंद नाही करायचा, चालू दे.” तिसऱ्या दिवशी पंप जळाला.

मालक तणतणत ऑफिसात आला. तुम्ही त्याला चहा पाजलात आणि हळू आवाजात, खेद वाटल्यासारखं म्हणालात, “अहो, अडाणी माणसाच्या हाती पंप दिला की असंच व्हायचं. पंपाच्या तोंडचा व्हॉल्व्ह बंद ठेवूनच चालवला असणार.” मग मला हाक मारून अहवाल लिहायला सांगितलात. इतक्या सहज की जणू खिडकी लावून घ्यायला सांगताय. काकांना त्याच दिवशी काढलं. आठवड्याने तुम्ही मला केबिनमध्ये बोलावून सांगितलंत, “त्या टेकाडावर एक व्हॉल्व्ह बसवून घ्या. कुठे लिहू नका.” बसवला. संध्याकाळी नवा पंप सुरू केला, पाणी धो धो आलं. मालकाने पेढे पाठवले, पहिला पेढा तुम्ही माझ्या हातावर ठेवलात. मी खाल्ला.

काका एकदा ऑफिसात आले होते, हे तुम्हाला माहीत आहे, कारण “साहेब नाहीत म्हणून सांग” हे शिपायाला तुम्हीच सांगितलंत. तुम्हाला माहीत नाही ते पुढचं. ते खाली फाटकापाशी थांबून राहिले. सुटल्यावर मी बाहेर पडले तशी पुढे आले. “मॅडम, तुम्ही तर माझ्यासंगं टेकाडावर चढल्या होत्या,” एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता, आठवण करून दिल्यासारखं. मी म्हणाले, “माझी बस जाईल,” आणि निघाले. पुढे त्यांचं काय झालं माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

तुमच्या शोकसभेत मी पाच मिनिटं बोलले. काटेकोर, शिस्तप्रिय, गुरुतुल्य. लोकांनी डोळे पुसले. तेव्हापासून इतकी वर्षं मी तुम्हाला मनातल्या मनात भित्रा, ढोंगी, बुटांचा दास म्हणत आले, आणि त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही. पण हे पत्र कुणी वाचणार नाही, तेव्हा एक सांगून टाकते. त्या अहवालात तुम्ही मला एकच वाक्य घालायला सांगितलं होतंत, की चालकाने व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप चालवला. टाइप करताना ते मला फार तोकडं वाटलं. म्हणून त्याच्या आधी “वारंवार सूचना देऊनही” हे शब्द मी आपणहून घातले. तुम्ही वाचलंत, माझ्याकडे पाहिलंत, “छान,” म्हणालात आणि सही केलीत. मला त्या वेळी बरं वाटलं होतं.