पेना नव्हे, पेन्या

ती. बाल्दोमेरोदादास, पायसांदूहून धाकट्या आन्सेल्मोचा नमस्कार.

तुझा गुडघा आणि वहिनींचा रक्तदाब दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. इकडे नेलिदा ठणठणीत (तिचं तोंड तर विशेष), आणि मी आनंदाने वेडा व्हायचाच काय तो बाकी आहे.

आपली झुल्मा यंदा क्लबच्या मोठ्या फुटबॉल संघात गेली, नऊ नंबरची जर्सी मिळाली, हे तुला फोनवर सांगितलंच होतं. जर्सीच्या पाठीवर काय छापून आलं ते मात्र लाजेपोटी सांगितलं नाही. छापणाऱ्याच्या यंत्रात 'न' होता, पण 'न'चा 'न्य' करणारी त्याच्या डोक्यावरची नागमोडी रेघ नव्हती, म्हणून आपल्या 'पेन्या'चं झालं 'पेना'. पेन्या म्हणजे खडक, पेना म्हणजे दुःख; खडकाचं दुःख झालं, दादा. पोरगी पाठीवर दुःख घेऊन मैदानभर धावते आणि लाउडस्पीकरवरचा फितो (माझ्याकडून चार विजारी शिवून घेतलेला, त्याही दोनदा ढिल्या करून) खुशाल 'झुल्मा पेना' म्हणून पुकारतो. जाब विचारला तर म्हणाला, "गावात पेनाही आहेत आणि पेन्याही. मी लिहिलंय तसं वाचतो." मग झुल्माचा फटका हुकला रे हुकला की समोरचे प्रेक्षक एका सुरात ओरडणार, "के पेना", म्हणजे अरेरे, किती वाईट. तीन सामने हेच चाललं. तिसऱ्यानंतर पोरगी घरी आली, 'माते' नावाच्या पाल्याचा कडू चहा नळीने ओढत शांतपणे म्हणाली, "पप्पा, पुढच्या रविवारपासून मी आईचं आडनाव लावते." नेलिदा लगेच म्हणाली, "लाव की. आमच्या 'सोसा' आडनावाला डोक्यावर टोपीबिपी लागत नाही." दादा, तुला मूलबाळ नाही, मला ही एकुलती एक. आपलं नाव पाठीवर मिरवणारं दुसरं आहे कोण? त्या दिवशी मी जेवलो नाही (म्हणजे भाजलेल्या फासळ्या खाल्ल्या, पण चव लागली नाही).

क्लबचे सेक्रेटरी ओल्मेदो यांच्याकडे गेलो, तर यादीत आहे तेच नाव राहील, रेघ हवी तर कागद आणा, असं त्यांनी सुनावलं. मी शिंपी माणूस, कागदाशी माझा काय संबंध? इस्त्रीच्या निमित्ताने जर्सी घरी आणली, पांढऱ्या कापडाची नागमोडी पट्टी कातरली आणि 'न'च्या डोक्यावर दुहेरी टाक्यांनी बसवली. उत्साहाच्या भरात जरा मोठीच झाली. रविवारी पंचाने झुल्माला मैदानात शिरताना अडवलं आणि मला कुंपणापाशी बोलावून विचारलं, "ही मिशी कुणी लावली?" मी म्हटलं, "मिशी नाही साहेब, आडनाव आहे." त्याने खिशात हात घातला. मला वाटलं, सामन्याआधीच लाल कार्ड. पण निघालं त्याचं ओळखपत्र. खरं आडनाव नुन्येस! दादा, दोन 'न', त्यातल्या दुसऱ्याच्या डोक्यावर रेघ, आणि ओळखपत्र छापणाऱ्या यंत्राने तीही खाल्लेली. "बावीस वर्षं मला नुनेस म्हणताहेत," तो म्हणाला. "जा पोरी, खेळ."

सत्तराव्या मिनिटाला झुल्माने डोक्याने गोल मारला, धावत फितोच्या खोलीसमोर गेली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. आता लिहिलंय तसं वाचणं त्याला भाग होतं. त्याने जीभ टाळूला जी चिकटवली ती किती वेळ सुटेचना, "पेन्न्न्न्या!" अख्खं मैदान त्याच्यामागून ओरडलं. मी रडलो, लपवत नाही. नेलिदाही रडली (वर म्हणाली, "डोकं सोसांचं आहे."). झुल्मा आता पेन्याच राहणार आहे.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
आन्सेल्मो

ता. क. ओल्मेदोसाहेब नरमले. रेघ यादीत कायमची घालायला तयार आहेत, फक्त घराण्याचा जुना कागद हवा. तो मोठ्या भावाकडे आहे असं मी छातीठोकपणे सांगितलं. ते गुरुवारी मोन्तेविदेओला तुझ्याच घरी येताहेत.

आणखी ता. क. आजोबांचा बोटीवरचा कागद आधी तूच पाहून घे. आजोबा स्पेनमधल्या गालिसियाहून बोटीने आले ते 'पेना' म्हणूनच, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. रेघ त्यांनी आपले बाबा जन्मले तेव्हा घातली, पोराने दुःखाचं नाव लावू नये म्हणून. पण कागदावर घालायची राहून गेली. तेवढी तू घाल. शाई काळी घे. वहिनी म्हणत होत्या तुझा हात हल्ली थरथरतो, तर काळजी करू नकोस, या रेघेला तसाच हात लागतो.