भावोजींनी न मोजलेलं वळण

मंगळवार, ११ मार्च २०२५, दुपारचे अडीच. दुकानात गिऱ्हाईक नाही. बिजागऱ्यांच्या खोक्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या खरवडून नव्या चिकटवत होतो, ते अर्धवट टाकून, हात धुऊन बसलो आहे.

प्रिय ताई,

हे पत्र तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतो आहे, घरच्या नाही. का ते शेवटी सांगतो. आधीच सांगितलं तर तू बाकीचं न वाचता सरळ फोन उचलशील, आणि तू सगळं वाचावंस असं मला वाटतं. शाळा मी नववीत सोडली, पण तू शिकवलेलं शुद्धलेखन सोडलेलं नाही. आधी कच्चं लिहिलं, शब्दकोश उघडून तपासलं, मग हे पक्कं केलं. बाबा मागून दोनदा डोकावून गेले. म्हणाले, "काय मास्तर, परीक्षा आहे का?" मी म्हटलं, मालाची यादी करतोय.

मोठं दुकान तू अजून पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगतो. आपल्या गल्लीच्या मागे बाटल्यांचा बंद कारखाना होता ना, त्या जागेवर ते उभं राहिलं आहे. बाहेरून विमान ठेवायची शेड वाटते. आत शिरलं की इतका उजेड, की आपण चोरी करायला आलोय असं वाटतं. नळाच्या एका वायसरसाठी गेलेला माणूस बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात दिवा असतो, पायपुसणं असतं, प्लॅस्टिकचं झाड असतं, वायसर नसतो. तिथे वायसर सुटा मिळत नाही, बाराचं पाकीट घ्यावं लागतं. उरलेले अकरा माणसाने काय करायचे? मृत्युपत्रात लिहायचे? आणि तिथली मुलं! आपले सुतारकाका परवा गंमत म्हणून गेले आणि फरशीत बसणारा स्क्रू मागितला, तर एप्रन घातलेला पोरगा म्हणाला, "सर, कोणत्या रंगात?" काका अजून हसतायत. रोज येतात आणि मला विचारतात, "काय रे, आज गुलाबी आहे का?"

ही जागा भावोजींनी त्यांच्या कंपनीसाठी निवडली, हे तुला माहीत आहे. कशी निवडली, ते मी समोर बसून पाहिलं आहे. दोन वर्षांपूर्वी ते एकटेच आठवडाभर राहायला आले होते, आठवतं? बाबांना कोण आनंद! जावई दुकानात रस घेतोय म्हणून त्यांनी स्वतःची खुर्ची दिली आणि आपण स्टुलावर बसले. भावोजी गल्ल्याशेजारी बसून विचारायचे, हा माणूस राहतो कुठे, चालत आला की गाडीने, रंग एकदाच नेतो की पुन्हा येतो. बाबा एकेका गिऱ्हाइकाची कुंडली सांगायचे. त्यांना वाटायचं, घरातला माणूस आहे. तो माणूस कंपनीच्या पगारावर आपल्या खुर्चीत बसला होता.

एका रात्री जेवताना त्यांनी ताटातच आम्हाला धडा दिला. मीठदाणी म्हणजे दुकान, चमचा म्हणजे मोठा रस्ता, लिंबाची फोड म्हणजे टेकडीवरची वसाहत. सकाळी कामाला जाताना कोणी खिळे घेत नाही, संध्याकाळी घरी जाताना घेतो, म्हणून दुकान परतीच्या बाजूला हवं. घर नवं असेपर्यंत माणूस भिंतींकडे बघत नाही. पंधरा वर्षं झाली की पोपडे दिसायला लागतात, म्हणून घरांचं वय काढायचं. आणि जिथे लहान दुकानं आधीपासून चालतायत तिथेच जायचं, कारण गिऱ्हाईक आहे याची खात्री त्या बिचाऱ्यांनी फुकटात करून ठेवलेली असते. 'बिचाऱ्यांनी' हा शब्द त्यांचा. बाबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "डोकं आहे हो तुम्हाला, जावईबापू." ते बिचारे कोण, हे बाबांना वर्षभराने कळलं, कारखान्याच्या भिंतीवर पाटी लागली तेव्हा. जाताना भावोजींनी आपल्याच दुकानातली पाच मीटरची टेप उचलली, आपल्याच पायरीपासून रस्त्यापर्यंत माप घेतलं, आणि टेप खिशात घालून गेले.

खोटं कशाला बोलू, जागा त्यांनी चांगली निवडली. टेकडीवरची माणसं संध्याकाळी परततात ती सरळ तिथेच वळतात. आपल्याकडे आता नळ फुटला, कडी निखळली, असलीच घाईची कामं येतात. बाबा म्हणतात, चालायचंच. मलाही वाईट वाटलं असतं आणि गप्प बसलो असतो. पण पुढचं ऐक.

जगात दुकानासाठी जागा शोधणारे हे सगळे हुशार लोक. विकत घ्यायला कोण येईल, कुठून येईल, कोणत्या मूडमध्ये येईल, सगळं मोजलं. विकायचा माल कुठून येईल, ते मोजलं नाही. मोठ्या रस्त्यावरून ट्रकला आत शिरायला परवानगी नाही, म्हणून माल मागच्या दाराने घ्यायचा, म्हणजे आपल्या गल्लीतून, आपल्या कोपऱ्यावरून वळून. भावोजींनी ते वळण पाहिलं होतं. स्वतःच्या छोट्या गाडीतून, रविवारी, एसी लावून. पहिला ट्रक आला तो बोगीएवढा लांब. आपल्या कोपऱ्यावर तोंड आत घातलं आणि अडकला. पुढे जाईना, मागे येईना. अख्खी गल्ली बाहेर. जो तो हात हलवतोय, "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे... बस्स, बस्स!" आणि धाडकन आपला पुढचा पत्रा खाली. ड्रायव्हर उतरला, ट्रकच्या शेपटाकडे पाहिलं, आपल्या दुकानाकडे पाहिलं आणि म्हणाला, "कोण रे तो शहाणा, ज्याने इथे दुकान काढलं?" सुतारकाकांनी लगेच बाबांकडे बोट केलं, "यांचा जावई!" बाबासुद्धा हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

तेव्हापासून माल गावाबाहेर उतरवतात, छोट्या टेम्पोंत भरतात आणि फेऱ्या मारतात. स्वस्त विकायला निघालेल्या कंपनीचा प्रत्येक फळी, प्रत्येक बादली दोनदा हमाली देऊन आत जाते. तो ड्रायव्हर आता माझा ओळखीचा झाला आहे. तो म्हणाला, वरच्या अंगाला कारखान्याचं जुनं फाटक आहे, तिथून रस्ता काढला तर ट्रक सरळ आत जाईल. हे मी भावोजींना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच गुलाबी स्क्रू मागितला. मग म्हणाले, "त्यासाठी नकाशा पुन्हा मंजूर करून घ्यावा लागेल. आणि मग वरचे विचारतील, पहिला नकाशा कोणी केला." तेवढ्यावर विषय संपला.

आता गेल्या गुरुवारचं सांगतो. भावोजी आले, बाबांना आतल्या खोलीत घेऊन गेले. मी मांडणीच्या मागे रंगाचे डबे लावत होतो. दार लोटलेलं होतं, पण ते दार कधी नीट लागतं का? कंपनी आपलं दुकान विकत घेणार, पाडणार, आणि कोपरा गोल करणार. किंमत वाईट नाही. बाबा म्हणाले, "बघू." तेव्हा भावोजींचा आवाज एकदम मऊ झाला. म्हणाले, "बाबा, माझ्या नोकरीवर आलंय. हिची झोप उडाली आहे हो. रात्र रात्र बसून असते. म्हणते, बाबांना कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून मी आलो." बाबांनी एवढंच विचारलं, "रडली का?" भावोजी म्हणाले, "रडते." त्यावर बाबांनी पेन मागितलं.

ताई, आई गेल्यावर दुकान आपल्या तिघांच्या नावावर झालं, म्हणून सह्या तीन लागतात. बाबांची झाली. माझ्यापुढे कागद आला तेव्हा मी म्हटलं, वाचून देतो. भावोजी म्हणाले, "तुला काय कळणार त्यातलं?" मी म्हटलं, वेळ लागेल, पण कळेल. तुझ्या सहीचं विचारलं तर म्हणाले, "ती काय, घरचीच आहे. तिची शेवटी घेऊ." त्या माणसाला कंपनीसमोर 'मी वळण मोजलं नाही' हे एक वाक्य बोलायचं नाही. एका वाक्याची लाज वाचवायला तो आपल्या चार भिंती पाडायला निघाला आहे. मला त्यांची चूक डाचत नाही. चुका मीही करतो, काल एकाला उजव्या दाराचं कुलूप डाव्यासाठी दिलं. पण मी ते परत घेतलं, गिऱ्हाइकासमोर, चार माणसांत.

बाबा रागावलेले नाहीत. काल कुलपांच्या कंपनीचा माणूस ऑर्डर घ्यायला आला, तर म्हणाले, "थोडीच दे." आजवर बाबांनी कुलपं थोडी कधी घेतलेली मी पाहिली नाहीत. आज सकाळी दारात उभे राहून कोपऱ्याकडे बघत होते. मी विचारलं, काय बघताय? म्हणाले, "काही नाही. खरंच अडचणीचा आहे रे कोपरा." मुलीसाठी ते कोपऱ्यालाच दोषी ठरवायला लागले आहेत.

आणि मग रविवारी तुझा फोन आला, नेहमीसारखा. मी तुझा आवाज कान देऊन ऐकत होतो. रात्र रात्र जागणाऱ्या माणसाचा तो आवाज नव्हता. तू हसत होतीस. दुकानाची फुटकी पायरी दुरुस्त केली का, विचारलंस. म्हणालीस, सुट्टी लागली की छोटीला पाठवते, महिनाभर बाबांजवळ गल्ल्यावर बसव, आपण बसायचो तसं. सुटे पैसे मोजता येऊ देत तिला. मग म्हणालीस, "हे इथेच आहेत, बोलतोस का?" मी नको म्हटलं आणि ठेवला. तुला वाटलं असेल, याला गिऱ्हाईक आलं.

जी बाई दुकान पाडायच्या काळजीने रडते, ती त्याच दुकानाची पायरी दुरुस्त करायला सांगेल का? पोरीला तिथे गल्ल्यावर बसवायला निघेल का? दोन दिवस मी याचाच विचार करतो आहे, कारण माझी समजूत चुकली तर मी तुझ्या घराशी खेळतो आहे. मला वाटतं, तुला यातलं काहीच माहीत नाही. तुझं रडणं भावोजींनी तुझ्याशिवायच आणलं आणि बाबांना विकलं. म्हणून पत्र दवाखान्यात. घरी आलं असतं तर ते आधी कोणी फोडलं असतं, ते मला ठाऊक आहे. भावोजी शुक्रवारी संध्याकाळी सह्यांचा कागद न्यायला येणार आहेत. त्याआधी दवाखान्यातून दुकानाच्या फोनवर एकदा बोल, माझ्याशी नको, बाबांशी. नोकरी खरंच जाणार असेल आणि तूच म्हणालीस, "बाबा, द्या," तर मी त्याच मिनिटाला सही करेन, आणि या जन्मात पुन्हा विषय काढणार नाही. पण ते तुझ्या तोंडून यायला हवं. तुझ्या नावाने दुसरं कोणी रडलेलं चालणार नाही. तोवर कागद माझ्याजवळ आहे, आणि मी तो अजून वाचतोच आहे. पायरीला सिमेंट आज सकाळी लावलं. ओली आहे, म्हणून गिऱ्हाइकांना बाजूने घेतो आहे.

तुझाच,
मास्तर

ता. क. आजपर्यंतचा हिशेब.
खर्च: सिमेंट, एकशे दहा. कुरिअर आणि पाकीट, पंचाऐंशी.
कंपनीकडून येणे: ट्रकने पाडलेला पत्रा, मजुरीसह बाराशे चाळीस.
भावोजींकडून येणे: पाच मीटरची टेप, एकशे ऐंशी.
तुझ्याकडून येणे: शुक्रवारच्या आत एक फोन.