जुळ्यातली कालवड

राळेगाव, शनिवार, ९ मार्च १९६३. संध्याकाळी साडेसहा. कालवडीला कडबा टाकून लिहायला बसलो आहे.

चार वेळा वळूकडे नेऊनही ती गाभण राहिली नाही, म्हणून सकाळी गुरांच्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी आधी विचारले, "एकटी जन्मली की जुळी?" जुळी. सोबत गोऱ्हा होता. ते म्हणाले, पोटात दोघांचे रक्त एकमेकांत मिसळते आणि गोऱ्ह्याच्या रक्ताच्या प्रभावाने कालवडीचे गर्भाशय नीट घडत नाही. बाहेरून मादी, आतून अर्धवट. ही कधीच विणार नाही.

सालाच्या मजुरीत मालकाने दोघांतले एक घे म्हटले होते. जुळ्यातली कालवड दुप्पट दूध देते, असे सारे म्हणत. मी गोऱ्हा सोडला.

दुपारी कालवड बघायला वणीचे गिऱ्हाईक आले. त्याने विचारले, "गाभण राहीन ना, भाऊ?" बोलू नको म्हणून शेजारचे नामदेवकाका मागून चिमटा काढत होते. मी गोऱ्ह्याची सगळी हकीकत सांगितली. तो गेला.

काका भडकले. "लेका, तुले कोनं इचारलं होतं गोऱ्ह्याचं? आता बस हिले जलमभर चारत!"

गिऱ्हाईक वळणाआड गेले तेव्हा मला हायसे वाटले. खरे बोललो म्हणून? तसेच लिहिले होते, पण खोडले. आई गेल्यापासून माझी चाहूल लागताच मान वर करणारे या घरात कालवडीशिवाय दुसरे कोणी नाही. ती विकली जाऊ नये, एवढेच मला हवे होते.