हिरव्या नावांच्या फाइली

बाबा,

१. रविवारी सकाळी तुमचा कॉम्प्युटर माळ्यावरून उतरवला. सुरू झाला.
२. त्याने तुमचा पासवर्ड मागितला. मी सतरा टाकले. सतराही चुकले.
३. हार्डडिस्कची प्रत काढून ठेवली. मग सेफ मोडमधून शिरले. तिथे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं मूळ खातं असतं, त्याला तुम्ही कुलूपच लावलं नव्हतं. बारा मिनिटं लागली.
४. कागदांचा फोल्डर सापडला. सगळ्या फाइलींची नावं हिरव्या अक्षरांत. एकही उघडत नाही.

हिरवं नाव म्हणजे फाइल तुमच्या पासवर्डाने बंद केलेली आहे. जुना पासवर्ड पुसून नवा लावणं मला पाच मिनिटांचं काम आहे, पण तसं केलं की मशीन माझं होतं आणि फाइली कायमच्या जातात. पासवर्ड शोधणारं सॉफ्टवेअर दोन दिवस चालवलं, हाती काही आलं नाही. एवढं लांब कुलूप आपल्या वरवट बकालसारख्या गावात कोणापासून लावलं होतं तुम्ही? शेजारची पोरं येऊन पत्ते खेळायची, त्यांच्यापासून?

शुक्रवारी माझ्या जातपडताळणीची सुनावणी आहे. कनिष्ठ अभियंत्याची नेमणूक तिच्यावर अडलेली आहे, आणि मुदत आधीच एकदा वाढवून घेतली आहे. त्यांना आजोबांची कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीतली, जातीसकट नोंद हवी. कचेरीत मी तीन चकरा मारल्या. ते पान वाळवीने खाल्लं आहे. आता त्या नोंदीची प्रत जगात एकाच ठिकाणी आहे, तुमच्या स्कॅनमध्ये. तिचं नाव मला दिसतं. 'आजा_जन्मनोंद'. त्यावर क्लिक केलं की परवानगी नाही असं उत्तर येतं.

कचेरीतून काढलेली शिक्क्याची नक्कल कुठे गेली तेही मला ठाऊक आहे. सोनाळ्याचा एक माणूस आला होता, त्याला कचेरीत दाखवायला नमुना हवा होता. तुम्ही आपलीच काढून दिलीत. त्याचं नावही विचारलं नाही. आई म्हणाली, "अहो, मंग आपल्याले?" तुम्ही म्हणालात, "आपली तं कॉम्प्युटरात हाये." अख्ख्या वस्तीचे कागद तुम्ही स्कॅन करून प्लास्टिकच्या पिशवीत घालून ज्याचे त्याला परत केलेत. फक्त आपल्या घरचा कागद उसना गेला. याला लोक मोठं मन म्हणतात. मी निष्काळजीपणा म्हणते.

आणि तो दिवस. मी दहावीत आहे. ओसरीत चार माणसं आपापले कागद घेऊन बसली आहेत. तुम्ही माऊस पाटीवरच्या पेन्सिलीसारखा दाबून धरलाय. मी म्हणते, बाबा, पासवर्ड सांगा, मी पटापट करून देते. तुम्ही मागे न बघता म्हणता, "तुले कशाले पायजे? लोकाईचे कागद हायेत, तुया खेळाचं सामान नाही." शेजारचे काका हसतात. "मास्तर, पोरीनंच तं तुमाले हे यंत्र शिकोलं ना!" "हाव, शिकोलं. म्हून काय चाबी देऊ?" सगळे हसतात. मी चहाचे कप उचलून आत जाते. त्यानंतर मी त्या मशीनला हात लावला नाही, आणि तुम्ही का म्हणून विचारलंही नाही.

काल आई शेंगा सोलत मशीनकडे बघत होती. म्हणाली, "तुया बापाले जनमभर चूप बसनं जमलं नाही. अन् नेमकं इथंच चूप राह्यला." मी मान डोलावली.

ते खरं नाही. तुम्ही चूप राहिला नव्हता. पॉलिटेक्निकच्या होस्टेलवर तुमचा फोन आला होता. दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता, फोनसाठी मागे पाच-सहा मुली उभ्या होत्या आणि ओसरीतला दिवस मी विसरले नव्हते. तुम्ही म्हणालात, "बेटा, पासवर्ड लिहून घे. आता तूच पाह्यजो हे सारं." मग तुम्ही एक अख्खं वाक्य सांगितलंत, वर्गात शुद्धलेखन घालता तसं, सावकाश. इंग्रजी अक्षरांत, पहिलं अक्षर मोठं. मधे जागा सोडायची. माझ्याजवळ पेनही नव्हता. तुम्ही विचारलंत, "लिहिलं?" मी म्हणाले, "हो, लिहिलं." तुम्ही म्हणालात, "वाचून दाखव." मी म्हणाले, मागे रांग आहे, आणि फोन ठेवला. एकवीस दिवसांनी तुम्ही गेलात.

आईला हे मी सांगितलेलं नाही.

ते वाक्य मला हवं आहे. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवा. पेन घेऊन बसते.