दोरे, चिकटपट्ट्या आणि दोनशे बारा कपडे

तीर्थस्वरूप आत्यास,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (दुकानात आडवं पडण्याइतकी जागा नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून उभ्यानेच घातलाय, पण मनाने मी पूर्ण आडवा आहे, आणि का ते पुढे कळेल.) तुझा गुडघा कसा आहे? ताईने कळवलं की शस्त्रक्रियेनंतर पाचव्याच दिवशी तू काठी न घेता स्वयंपाकघरापर्यंत गेलीस आणि डॉक्टरांची बोलणी खाल्लीस. ते डॉक्टर तुझ्या हाताखाली तीन दिवस काम करते तर बोलले नसते. असो. इथे सर्व क्षेम आहे. हे वाक्य मागच्या आठवड्यात लिहिता आलं नसतं, म्हणून मागच्या आठवड्यात पत्र नव्हतं.

जाताना तू बजावलं होतंस की लॉन्ड्रीत कशालाही हात लावायचा नाही, फक्त लक्ष ठेवायचं. मी आठ दिवस नुसतं लक्ष ठेवलं. पण आत्या, चार वर्षं कचेरीत मी लोकांना त्यांची कामं भराभर कशी उरकावीत हे शिकवत होतो (त्यातला एकही जण आता रस्त्यात ओळख दाखवत नाही, पण तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता). त्यामुळे नवव्या दिवशी मी घड्याळ घेऊन दोरेमावशींच्या शेजारी बसलो. आलेल्या प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला त्या रंगीत दोऱ्याचा टाका घालतात, निळा-पिवळा म्हणजे कोपऱ्यावरचे मास्तर, दोन लाल म्हणजे बेकरीवाले, आणि कपडा परत देताना तो टाका उसवतात. एका कपड्याला घालायला पाऊण मिनिट, उसवायला पंधरा सेकंद. मी मनात गुणाकार केला आणि माझे डोळेच पांढरे झाले. मग मी आकडे छापणारं एक यंत्र आणि चिकटपट्ट्यांची बारा रिळं मागवली. एका कपड्याला तीन सेकंद! मावशींना म्हटलं, आता तुम्हाला डोळे फोडायला नकोत, तुम्ही गल्ल्यापाशी बसून पावत्या द्या, ही बढतीच समजा. त्या "बरं" म्हणाल्या. त्यांचं "बरं" किती प्रकारचं असतं हे तू मला जाण्याआधी सांगून ठेवायला हवं होतंस.

चिकटपट्टीच्या खोक्यावर लिहिलं होतं की ही पट्टी पाण्याने निघणार नाही. कंपनीने शब्द पाळला. पट्टी पाण्याने निघाली नाही, साबणाने निघाली नाही, नखाने आणि सुरीनेही निघाली नाही. निघाले ते आकडे. सोमवारी दुपारी धुलाईयंत्रातून दोनशे बारा कपडे बाहेर आले आणि प्रत्येकाच्या आतल्या बाजूला एकेक कोरी, पांढरीशुभ्र, घट्ट चिकटलेली पट्टी. सगळं गाव एका धुण्यात निर्गुण निराकार झालं होतं.

इथे मी मावशींना हाक मारायला हवी होती. पण बढती देऊन दोन दिवस झालेल्या बाईला परत कसं बोलवायचं? मी अंदाजाने वाटप केलं. मंगळवारी बँकेच्या मॅनेजरसाहेबांना कुस्तीच्या वस्तादांची पँट गेली (तिच्यात आणखी एक मॅनेजर मावला असता) आणि वस्तादांना साहेबांचा शर्ट. वस्तादांनी तो घालून बघितला. घालून बघितला एवढंच लिहितो, कारण आता त्याला शर्ट म्हणता येत नाही. लोक चुकीचे कपडे परत घेऊन ओळीने उभे राहिले आणि मावशी प्रत्येकाला शांतपणे पावती देत राहिल्या. बुधवारी त्यांनी निरोप पाठवला की अंगात कसर आहे, येत नाही.

बुधवारीच ते निवृत्त पोस्टमास्तर आपलं धुणं न्यायला आले. वर्षातून एकदा ते बायकोची राखाडी शाल धुवायला आणतात, हे तुला माहीत आहे; मला माहीत नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली हेही नव्हतं. शाल सापडत नाही म्हटल्यावर ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बाकावर बसले आणि म्हणाले, "बघा निवांत. मला घाई नाही." तासभर मी ढिगारे उपसत होतो आणि ते बसून होते. आत्या, त्या तासात मी घड्याळाकडे बघितलं नाही.

संध्याकाळी मी मावशींच्या घरी गेलो. त्या भाजी निवडत होत्या. कसर वगैरे काही नव्हती. मी चुकलो म्हणालो. त्यांनी माझ्यापुढे भाजीची अर्धी जुडी सारली आणि मग बोलल्या.

"तू विचारलंस टाक्याला वेळ किती लागतो. चुका किती होतात ते विचारलं नाहीस."

"किती होतात?"

"वर्षाला दोन. त्यातली एक गिऱ्हाइकाची."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या आणि ढिगाऱ्यासमोर स्टूल घेऊन बसल्या. ही कोपरं कोपऱ्यावरच्या मास्तरांची, टेबलावर टेकून झिजलेली. हा खिसा बेकरीवाल्यांचा, शिवणीत पीठ आहे, ते कधीच जात नाही. ही बटणं बायकोने लावलेली, ही नवऱ्याने. संध्याकाळपर्यंत एकशे नव्वद कपडे मार्गी लागले. शाल मात्र ढिगाऱ्यात नव्हतीच. मीच ती दातांच्या डॉक्टरांच्या गाठोड्यात घातली होती. धावत गेलो, तर डॉक्टरांच्या आई ती पांघरून बसल्या होत्या. हकिगत ऐकून त्यांनी ती लगेच काढून दिली. म्हणाल्या, "मला वाटलंच. माझा मुलगा इतकी चांगली शाल आणायचा नाही." पोस्टमास्तरांनी शाल पसरली, एका टोकाचं रफू बोटाने चाचपलं आणि मावशींना तिथल्या तिथे आपल्या खुणेचा टाका घालायला सांगितला. शाल देताना मावशी सवयीने तो उसवायला गेल्या तर म्हणाले, राहू द्या. मी आत जाऊन विनाकारण नळ सोडला.

आता उरले बावीस कपडे. ते नव्या गिऱ्हाइकांचे, आणि त्यांच्यापुढे मावशीही हरल्या. (ते लोक स्वतः येऊन आपापले ओळखून घेऊन गेले, एक कोट दोघांनी ओळखला, पण तो किस्सा समक्ष सांगेन.) तेव्हा मावशींनीच सांगितलं की कुणाचा दोरा कुठला हे फक्त त्यांच्या डोक्यात आहे, उद्या खरंच ताप आला तर लॉन्ड्री मुकी होईल, आणि हे लिहून ठेवा असं त्या दोन वर्षं म्हणतायत. म्हणजे बदल हवाच होता, पण मी केला तो नव्हे, त्याच्या शेजारी उभा होता तो. आम्ही दोन दुपारी बसून वही केली. प्रत्येक गिऱ्हाइकापुढे खरा दोरा चिकटवलाय. यंत्र परत गेलं. मीही दोन दिवस टाके घातले. माझ्या बोटांकडे बघून मावशींनी मला अंगुस्तान दिलं, आणि माझ्या मते ही खरी बढती.

तेव्हापासून मी घड्याळ काढून ठेवलंय आणि विचारतो. इस्त्रीवाल्या वहिनींना विचारलं, तर आधी त्या काहीच नाही म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या की टेबल बुटकं आहे, कंबर धरते. चार पायांखाली चार विटा ठेवल्या. दहा मिनिटांचं काम. संध्याकाळी त्या सरळ उभ्या राहून घरी गेल्या आणि दारातून मागे वळून टेबलाकडे बघितलं. आत्या, मला इतकं हलकं आजवर वाटलं नव्हतं. काय बदलावं हे ज्याचा हात त्या कामात आहे त्याला पुसावं, आणि पुसल्यावर एक दिवस थांबावं, कारण पहिलं उत्तर नेहमी "काही नाही" असंच येतं. एवढं कळायला मला दोनशे बारा कपडे लागले. ते सगळे घरी पोचले.

ताईला आशीर्वाद पोचव म्हणणार होतो, पण ती मोठी आहे, नमस्कार सांग.

तुझा आज्ञाधारक (या आठवड्यापासून),
भाचा

ता. क. वस्तादांनी शर्टाबद्दल मॅनेजरसाहेबांची माफी मागितली. साहेब म्हणाले, काही हरकत नाही. वस्तादांना कुणी दुसरं काही म्हणत नाही.

ता. क. दुसरा. विटांनंतर मी वहिनींना आणखी काही आहे का विचारलं आणि ठरल्याप्रमाणे एक दिवस थांबलो. आत्या, तू बसलेली असशील तरच पुढे वाच. तू रोज घडी घातलेला प्रत्येक कपडा उलगडून डाग राहिलाय का बघतेस. डाग महिन्याकाठी एखादा सापडतो. घड्या मात्र सगळ्याच मोडतात, आणि त्या पुन्हा घालतात वहिनी. अकरा वर्षं. परत आल्यावर तू इस्त्रीच्या आधी बघशील का? खरं तर एवढंच विचारायला पत्र लिहिलं. बाकीचं सगळं आधी कबूल केलं, ते तुझा राग माझ्यावर संपून जावा म्हणून.

ता. क. तिसरा. हे मी तुला लिहितोय हे वहिनींना माहीत नाही. त्यांना वाटतंय मी साबणाच्या कारखान्याला मागणी लिहितोय, आणि इतकी लांब मागणी बघून त्या मघापासून म्हणतायत, दोन पेट्या जास्त मागव. तेव्हा होकार असेल तर उत्तरात तेवढंच लिही, "दोन पेट्या जास्त." म्हणजे ते पत्र मला त्यांच्यासमोर उघडता येईल.