आकडा खाली आला की

३ तारीख, सोमवार
पोचले एकदाची. चिंगीचं घर बघून जीव सुखावला. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघरात भरपूर ऊन. लेक घरूनच काम करते. बांधायच्या आधीच घरं कॉम्प्युटरवर दाखवते, त्यातून चित्रातली माणसं चालवते. मशीन तिने सुटे भाग आणून स्वतः जोडलंय. काचेचा डबा, आत पंखे. पण दुपारपासून ते अडकायला लागलं. चित्र काढणारं कार्ड मधेच सुस्तावतं म्हणे. त्याच्या वेगाचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो. तो मी वेळेसकट वहीत लिहायचा. चौथीपर्यंतच गेले शाळेत, पण आकडे येतात मला. तीस वर्षं शिलाई मशीन सांभाळलं, हे काय वेगळं असणार.

४ तारीख, मंगळवार
सकाळी १९००. अकराला ९००, चित्र झटके खात होतं. मग परत १९००. डबा उघडून धूळ पुसली. पंखे धो धो फिरतात, कार्ड गरमसुद्धा नाही. कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, कार्डाला एकाच वायरीतून करंट देऊ नका, दोन वेगळ्या लावा. दुपारी चिंगी झोपली तेव्हा मशीन बंद करून मीच लावल्या. हे आधी का नाही सांगितलं विचारलं तर हसला मेला.

६ तारीख, गुरुवार
वायरींचा उपयोग शून्य. आज आकडा ९०० वर आला तेव्हा चिंगी कांदा चिरत होती. सुरी वरच राहिली. हाक मारली, पापणी हलली नाही. आकडा चढला, सुरी खाली आली. तिला पत्ताच नाही. म्हणाली, आई, तुझाच डोळा लागला असेल. डोळा कसला लागतोय डोंबलाचा. अकरा सोळा ते अकरा सतरा, लिहून ठेवलंय मी.

७ तारीख, शुक्रवार
चार वेळा. चारही वेळा पोर थिजली. ६०० ला श्वास नव्हता. डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, ठणठणीत आहे. त्यांना तिथे काय दिसणार, आकडा घरी होता.
संतापून मशीन बंद केलं. चिंगी उभ्या उभ्या कोसळली. चालू केलं तेव्हा उठली. आता बंद करायची सोय नाही.

८ तारीख, शनिवार
इतके दिवस नुसता आकडा बघत होते. आज चित्र बघितलं. त्या घरातून चालणारी बाई चिंगीच आहे. तिने स्वतःला चारी बाजूंनी टिपून आत घातलंय. आणि खिडकीशी खुर्चीत बसलेली मी. ती नुसती बसलेली, चालत नाही, म्हणूनच मी थिजत नसेन. मी आले त्याच दुपारी टिपलं, म्हणाली. गंमत म्हणून. तुला आवडेल वाटलं, आई.
कॉम्प्युटरवाल्याला परत फोन. मोठं कार्ड मंगळवारशिवाय मिळत नाही. तो म्हणाला, "एकटी होती तोवर कार्ड नीट चालत होतं. दोघी पेलत नाहीत त्याला. एक काढून टाका." कसं काढायचं तेही विचारून घेतलं.

९ तारीख, रविवार
३००. पाऊण तास झाला. पोर दारात उभी, एक पाय उचललेला. ओठ निळे. नाकाशी आरसा धरला — स्वच्छ.
मंगळवार कोणी बघितलाय. तिला विचारलं असतं तर नको म्हणाली असती. बरं झालं विचारता येत नाही.
खुर्चीतल्या बाईवर बाण नेला. भोवती चौकट आली. मग ते बटण —
दाबलं.

९०० — १५०० — बोट हललं तिचं. १९००. श्वास घेतला पोरीने. "आई," म्हणाली.
मी समोरच आहे. माझ्या आरपार बघत स्वयंपाकघरात गेली. हाका मारतेय. ओ दिली, दोनदा — मलाच ऐकू —
पेन जड. बोटं दिसत ना —
चिंगे, भाताखालचा गॅस बंद कर, मी तो